तिघांची गोष्ट, वाचणारी एकटी

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची निघाली, म्हणून या वेळी ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे छापलेली नाहीत. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : मी ४३ वर्षांची असून घोडबंदर रस्त्याला राहते आणि वाशीला हिशेब विभागात नोकरी करते. ठाण्याहून वाशीची गाडी पकडली की, बसायला जागा मिळो न मिळो, पुढचा अर्धा तास माझा असतो. त्या अर्ध्या तासात, फोनच्या पडद्याचा उजेड अगदी कमी करून, मी गेले दीड वर्ष इंग्रजी प्रणयकादंबऱ्या वाचते आहे. त्या आजच्या काळातल्या आणि उघड शृंगाराच्या असतात. अलीकडे तर ज्यांत एक नायिका दोन किंवा तीन पुरुषांबरोबर, सर्वांच्या माहितीने आणि संमतीने, एकत्र राहते अशा कादंबऱ्या मी निवडून वाचते. माझा गोंधळ असा की, शय्येची वर्णने पहिल्या चार-पाच पुस्तकांत मी श्वास रोखून वाचली, आता मात्र ती अंगठ्याने भराभर पुढे सरकवते. तरीही पुस्तक सोडवत नाही. गेल्या महिन्यात एका कादंबरीत तिघे जण स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून कोणी कोणत्या रात्री कोणाच्या खोलीत झोपायचे याचे वेळापत्रक करतात आणि ते चुंबकाने फ्रिजवर लावतात, असा प्रसंग होता. तो मी रबाळे ते घणसोली यांदरम्यान वाचला आणि मला रडू आले. माझे यजमान भले गृहस्थ आहेत. घरात दोन पुरुष असावेत असे मला मुळीच वाटत नाही; एकाचा डबा भरतानाच पुरेशी धावपळ होते. मग मी हे का वाचते, आणि नेमकी त्याच पानावर का रडले?

उत्तर : तुमच्या पत्रातील डब्याचे वाक्य मी तीनदा वाचले, कारण निम्मे उत्तर त्यातच आहे. या कादंबऱ्यांत पुरुषांची संख्या वाढली म्हणून नायिकेला भरावे लागणारे डबे वाढत नाहीत, हे तुमच्या लक्षात आले असेलच. एक जण उत्तम स्वयंपाक करतो, दुसरा नळ दुरुस्त करतो, तिसरा तिच्या आईला दवाखान्यात घेऊन जातो, आणि ती दमून घरी आली की चहा कोणी टाकायचा यावर त्यांची गोड तक्रार चाललेली असते. शृंगाराच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या या पुस्तकांतले सर्वांत मोठे स्वप्नरंजन माझ्या मते हेच आहे. शय्येची वर्णने वाचून जी बाई लाजत नाही, तीही हे कबूल करताना लाजेल.

आता वेळापत्रकाविषयी. आपल्या घरांत भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर काय काय लिहिलेले असते ते डोळ्यांसमोर आणा. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, वीजबिलाचा शेवटचा दिवस, मुलांच्या परीक्षा आणि कोणाची तरी मुंज. त्या चौकटीत ‘या रात्री मला जवळ कोणीतरी हवे आहे’ किंवा ‘या रात्री मला एकटीला झोपायचे आहे’ असे लिहिलेले तुम्ही किंवा मी कधीही पाहिलेले नाही. तुमच्या कादंबरीतल्या तिघांनी नेमके तेच लिहून, सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लावले. दुधाइतकीच नोंद करण्याजोगी गोष्ट म्हणून जवळिकीकडे पाहिले जाते आहे, हे वाचताना अठरा-वीस वर्षे संसार केलेल्या बाईच्या डोळ्यांत पाणी आले तर त्यात मला काहीच विचित्र वाटत नाही.

यामागे लेखनाच्या कारागिरीचेही एक कारण आहे. दोघांच्या नेहमीच्या प्रणयकादंबरीला पुढे ढकलण्याचे काम बहुधा गैरसमज करतात. नायक सांगत नाही, नायिका विचारत नाही, पुस्तकाचा पाऊण भाग संपता संपता ताटातूट होते, आणि पाच मिनिटे समोरासमोर बसले असते तर मिटले असते असे भांडण शंभर पाने चालते. तीन किंवा चार माणसे एका घरात आणली की मौनावर कथानक रेटणे अवघड होते. कोणीतरी विचारावे लागते, कोणीतरी नाही म्हणावे लागते, आणि नाही म्हटल्यावर जेवण्याच्या टेबलावर काय घडते तेही लिहावे लागते. म्हणजे लेखिकेची इच्छा असो वा नसो, तिला संवाद लिहिणे भाग पडते.

अर्थात हे सगळ्याच पुस्तकांना लागू नाही. या प्रकारात दोन वेगळे पंथ आहेत आणि दुकानदार ते एकाच फळीवर ठेवतात. ज्यांना इंग्रजी वाचक ‘व्हाय चूज’ म्हणतात, म्हणजे ‘निवडायचेच कशाला’, त्यांत तीन-चार पुरुष एकाच नायिकेवर अनन्य निष्ठा ठेवून असतात. मत्सर तोंडी लावण्यापुरता येतो आणि चारही जण मुकाट्याने गुण्यागोविंदाने राहू लागतात. दुसऱ्या प्रकारात, ज्याला खऱ्या अर्थाने ‘पॉलिअ‍ॅमरी’ म्हणतात, नायिकेच्या जोडीदाराचेही दुसऱ्या कोणावर प्रेम असू शकते; त्याची ती दुसरी व्यक्ती रविवारी जेवायला येऊ शकते; आणि तिला वाढताना नायिकेच्या हाताला कंप सुटतो तो लेखिकेला लिहावा लागतो. तुम्ही रडलात ते पुस्तक दुसऱ्या प्रकारातले होते, हे मी पैजेवर सांगते.

शय्येची वर्णने तुम्ही पुढे सरकवता, यावरून तुम्ही विरक्त झालात असा निष्कर्ष काढू नका. ज्या प्रसंगानंतर कोणालाही कोणाविषयी नवे काही कळत नाही तो प्रसंग, मग तो मारामारीचा असो, लग्नाचा असो किंवा शृंगाराचा, जाणता वाचक गाळतोच. मी नौपाड्यातल्या एका लहान वाचनालयाच्या काउंटरवर वीस वर्षे काढली. तिथे पातळ इंग्रजी प्रणयकादंबऱ्यांचे एक कपाट होते. पुस्तक परत आले की मी ते टेबलावर उभे धरून सोडून देत असे. पुठ्ठ्याचा कणा जिथे मोडलेला असेल तिथे ते आपोआप उघडते. काही पुस्तके तुम्हाला वाटते त्याच पानावर उघडत. पण पुष्कळशी त्याच्या आधीच्या पानांवर उघडत. नायक दारात उभा आहे, आत यायचे की नाही हे तिच्यावर सोडतो आहे आणि ती अजून काही बोललेली नाही, असे ते पान असे. एका पुस्तकाचा कणा तर नायकाने क्षमा मागितल्याच्या पत्रावर असा मोडला होता की शेवटी मी चिकटपट्टी लावली.

जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासक बाईंनी एका गावातील प्रणयकादंबऱ्यांच्या वाचक स्त्रियांशी प्रदीर्घ बोलून १९८४ मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केले. या स्त्रिया काय वाचतात असे विचारायला त्या गेल्या होत्या. स्त्रियांनी उत्तर दिले ते त्या केव्हा आणि कशासाठी वाचतात याचे. पुस्तक हातात आहे तेवढा वेळ नवरा आणि मुले यांपैकी कोणी काही मागायचे नाही, अशी ती एक न बोललेली सूचना होती. तुमचा ठाणे ते वाशी हा अर्धा तास त्याच जातीचा आहे, आणि तो हिशेबात धरल्याशिवाय ‘मी असमाधानी आहे का’ या प्रश्नाकडे वळू नये. वळायचेच असेल तर एक करा. ज्या ज्या ओळीवर तुम्ही थांबता ती फोनमध्ये खूण करून ठेवा. तीन पुस्तके झाली की फक्त खुणा वाचा. त्यांतली एखादी ओळ तुमच्या भल्या गृहस्थांना मराठीत सांगता येण्याजोगी निघेल. शनिवारी रात्री सांगा, सोमवारी सकाळी डबा भरताना नको.

प्रश्न : मी ऐरोलीत राहतो. पत्नी ज्या कादंबऱ्या वाचते त्यांतली एक तिच्या नकळत मी वाचून काढली. एक बाई आणि चार पुरुष. आधी मला न्यूनगंड आला, मग राग आला आणि शेवटी चक्क कंटाळा आला. पुरुष वाचकाने या पुस्तकांकडे कसे पाहावे?

उत्तर : तिन्ही प्रतिक्रियांपैकी कंटाळ्यावर माझा सर्वांत जास्त विश्वास आहे. चार नायक असलेल्या कादंबरीत दर नायकाच्या वाट्याला एकेक गुण येतो आणि मसाल्याच्या डब्यांना लावलेल्या चिठ्ठ्यांसारखा तो त्याला शेवटपर्यंत चिकटून राहतो. हा हसवणारा, हा तापट, हा काळजी घेणारा, आणि हा पूर्वी पोळलेला म्हणून अबोल. चौघे मिळून जेमतेम एक माणूस होतो. तुम्ही स्वतःची तुलना त्या चौघांशी केलीत, ती एका माणसाच्या चार तुकड्यांशी केलीत. त्यात कोणीही हरेल. तुम्ही एकाच संध्याकाळी तापटही असता आणि हसवतही असता, ही सोय त्या बिचाऱ्यांना नाही.

राग मात्र तपासून पाहा. तो पुस्तकातल्या चौघांवर होता की पत्नीने हे तुमच्यापासून लपवले यावर? तिने लपवले असेल तर तुम्हीही चोरून वाचलेत, म्हणजे फिटंफाट झाली. तिला आता सरळ सांगा की मी वाचले आणि मला कंटाळा आला, आणि तुला सर्वांत आवडलेले पुस्तक कोणते ते दे. समोर उघडे सापडलेले पुस्तक आणि आवडलेले पुस्तक यांत फार अंतर असते. माझ्या घरी कोणी माझे चालू पुस्तक पाहून माझी पारख केली असती तर माझी धडगत नव्हती.

प्रश्न : मी सीवूड्सला राहणारा निवृत्त शिक्षक आहे. बहुप्रेमाची ही थेरे परकीय आहेत, आपल्या मातीत ती कधीच नव्हती. शिवाय असे वाङ्मय अश्लीलतेच्या कायद्यात बसत नाही काय? एका प्रतिष्ठित मासिकाने त्यावर पाने खर्चावीत याचे मला आश्चर्य वाटते.

उत्तर : ‘पॉलिअ‍ॅमरी’ हा शब्द परकीय आहे, हे खरे. ग्रीक ‘पॉली’ म्हणजे अनेक आणि लॅटिन ‘अमोर’ म्हणजे प्रेम, यांची ही जोडी १९९० च्या सुमारास अमेरिकेत जुळवली गेली. परंतु विषय परकीय आहे असे म्हणताना गुरुजींनी महाभारत बाजूला ठेवले असावे. द्रौपदीचे पाच पती आपल्याला पाठ असतात, पण त्या व्यवस्थेचे नियम आपण सहसा सांगत नाही. आदिपर्वात नारद येऊन पाचही भावांना सुंद आणि उपसुंद यांची गोष्ट सांगतात, एका स्त्रीपायी दोन भाऊ एकमेकांना कसे मारते झाले ती. त्यावर भाऊ आपसांत करार करतात की, द्रौपदी एकाबरोबर एकांतात असताना दुसरा तिथे गेला तर त्याने बारा वर्षे वनात जावे. ब्राह्मणाच्या गाई सोडवण्यासाठी शस्त्रे आणायला अर्जुन युधिष्ठिराच्या दालनात शिरतो, थोरला भाऊ ‘जाऊ नकोस’ म्हणत असतानाही करार पाळून वनवासाला निघतो, आणि परत येतो तो सुभद्रेला घेऊन. तेव्हा द्रौपदी त्याला सुनावते की, जा तिच्याकडेच; ओझे कितीही घट्ट बांधलेले असो, त्यावर दुसरी दोरी बांधली की पहिली गाठ सैल पडतेच. आज वाशीच्या गाडीत वाचल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांत मत्सराची इतकी नेमकी ओळ मला अजून सापडायची आहे.

आणखी एक गोष्ट. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी सर्वांत आधी कोसळते. भीम कारण विचारतो तेव्हा युधिष्ठिर सांगतो की, तिचा अर्जुनाकडे विशेष ओढा होता, हा पक्षपात तिला भोवला. पाच पतींची व्यवस्था करताना तिला कोणी विचारले नव्हते. वेळापत्रक तिच्यासाठी होते, पण करार भावाभावांचा होता. आणि शेवटी समान प्रेम न केल्याचा दोष मात्र तिच्या माथी. आजच्या कादंबऱ्यांचा आपल्या या गोष्टीहून जो वेगळेपणा आहे तो इथे आहे: नायिका करार करायला स्वतः टेबलाशी बसलेली असते आणि ‘माझे दोघांवर सारखे प्रेम नाही, वेगवेगळे आहे’ असे म्हणण्याची तिला मुभा असते. ही पुस्तके बहुतेक वेळा सुमार लिहिलेली असतात, हे मी आनंदाने मान्य करीन. पण सुमार पुस्तकाने विचारलेला प्रश्न सुमार असतोच असे नाही.

कायद्याविषयी थोडक्यात. अश्लील पुस्तके विकणे, वाटणे किंवा विक्रीसाठी बाळगणे हा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ खाली येत असे, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ खाली येतो. प्रौढ व्यक्तीने स्वतःपुरते वाचणे हा त्या कलमाचा विषय नाही. अश्लील कशाला म्हणावे याचा एक महत्त्वाचा निवाडा तर आपल्या मराठी दिवाळी अंकावरच झालेला आहे. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘श्यामा’ या कादंबरीबद्दल उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी ठरवले होते. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. दोनपेक्षा अधिक जणांचे लग्न आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याला १९५५ पासून मान्य नाही, आणि मुंबई प्रांतात तर त्याआधी १९४६ मध्येच द्विभार्याप्रतिबंधाचा कायदा झाला होता. परंतु कादंबरीतील पात्रांवर फौजदारी चालवण्याची तरतूद अद्याप झालेली नाही.

मासिकाने पाने खर्चावीत का, याचे उत्तर माझ्याआधी फार मोठ्या माणसाने देऊन ठेवले आहे. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. त्यात वाचकांच्या कामजीवनाविषयीच्या प्रश्नांना ते उत्तरे देत. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला, त्यांची बाजू बॅरिस्टर आंबेडकरांनी मांडली, खटला ते हरले आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. प्रश्नोत्तराच्या सदराचा हा मराठीतला वारसा आहे. आपले पत्र छापताना आमच्या संपादकांना दंडाची चिंता नव्हती, ही त्यातली प्रगती.

प्रश्न : मी कळव्याला राहते आणि फावल्या वेळात भाषांतरे करते. अशा एका कादंबरीतील प्रकरण मराठीत आणण्याचा प्रयत्न केला, पण शब्दच सापडेनात. एक तर वैद्यकीय पुस्तक वाटते, नाही तर शिवी वाटते. आणि ‘पॉलिअ‍ॅमरी’ला मराठीत काय म्हणावे?

उत्तर : तुमची अडचण खरी आहे. शरीराविषयी बोलताना आपल्याजवळ एका टोकाला ‘समागम’ आणि दुसऱ्या टोकाला नाक्यावरची भाषा आहे. मधल्या घरगुती शब्दांचे दुकान लावणीने कधीकाळी थाटले होते, ते आपण सभ्य होताना बंद केले. उघड शृंगाराच्या पुस्तकांना इंग्रजीत लावतात त्या ‘स्टीमी’चे ‘वाफाळलेले’ करू नका, तो शब्द चहाचा आहे. अवयवांची नावे जितकी कमी घ्याल तितके मराठी चांगले वठेल; आपली भाषा क्रियापदांची आणि अव्ययांची श्रीमंत आहे. ‘हळूच’, ‘अलगद’, ‘आवेगाने’, ‘बिलगली’, ‘शहारली’, ‘आसुसली’, ‘निथळत’ यांवर एक अख्खे पान निभावते.

नात्यांचे शब्द याहून अवघड आहेत. ‘बहुपतित्व’ आणि ‘बहुपत्नीत्व’ हे लग्नाचे शब्द आहेत, प्रेमाचे नाहीत. लग्नाबाहेरच्या प्रेमासाठी आपल्याकडे ‘लफडे’, ‘भानगड’, ‘प्रकरण’, ‘बाहेरख्याली’ आणि ‘अंगवस्त्र’ असे शब्द आहेत. एकजात सगळ्यांतून चोरी किंवा तुच्छता डोकावते, आणि तुमच्या कादंबरीत तर चोरी नाही हाच मुद्दा आहे. ‘सवत’ आहे, ‘सवतीमत्सर’ असा तयार समासही आहे. पण दोन पुरुषांचे एकमेकांशी असलेले तसेच नाते दाखवायला रोजच्या मराठीत शब्द नाही. त्याची गरज पडेल असे कोणाला वाटले नसावे. ‘सवतीमत्सरा’च्या उलट भावनेला, म्हणजे आपले माणूस दुसऱ्याबरोबर सुखात आहे हे पाहून होणाऱ्या आनंदाला, सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सहजीवी गटाने ‘कंपर्शन’ असा शब्द घडवला. मराठीत मी त्याला शब्द देणार नाही. त्या जागी वाक्य द्या. ‘त्याला हसताना पाहून तिलाही बरे वाटले, आणि बरे वाटल्याचे तिला नवल वाटले’ असे काहीतरी. ‘पॉलिअ‍ॅमरी’ तूर्त तसाच ठेवा. ‘टेबल’ आणि ‘फ्रिज’ राहिले तसा तोही राहील. ‘बहुप्रेम’ मला सरकारी योजनेचे नाव वाटते.

तुमच्या प्रकरणाचे पहिले पान मला पाठवा. नायिका दुसऱ्या पुरुषाला घरात ‘तुम्ही’ म्हणते की ‘तू’, आणि पहिल्यासमोर काय म्हणते, ते इंग्रजीत कळत नाही. तुम्हाला ते ठरवावे लागले असेल, आणि तुम्ही काय ठरवलेत हे पाहण्याची मला फार उत्सुकता आहे.